बैठकीचा गुण

पार्बताबाई : झोप लागते म्हणलं ना तुले! खोटं कायले बोलू?

गजाला : मावशी, जमुनाकाकू आत्ताच म्हणाल्या, तुम्ही पहाटेपर्यंत ओट्यावर बसून असता.

पार्बताबाई : त्या जमुनीले काय काम हाय! चहा घे, गार होऊन राह्यला.

गजाला : पेरणीच्या वेळी मी पहिल्यांदा वलगावात आले, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. काका गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून.

पार्बताबाई : तवा तू परकी होती. या दोन सालात कितीक सायेब इचारून गेले, समद्यायले खरंच सांगतलं. परक्याले सांगाले काय जाते?

गजाला : आणि आता?

पार्बताबाई : आता तू घरची लेक. लेक जायले निंगाली का तिच्यासंग कोणी रडगाणं बांधून देते? समदं बरं हाय म्हणूनच धाडतेत तिले.

गजाला : बैठकीतल्या सगळ्याच बायकांनी असं खोटं सांगितलं?

पार्बताबाई : समद्यायनं. तुह्यी पदवी हाय ना आमच्या सांगण्यावर! गजालाचं वाईट होऊ द्याचं नाई, आमचं ठरलंच होतं.

गजाला : या अल्लाह! मी प्रबंधात लिहून दिलं, गुरुवारी एकत्र बसून मन मोकळं करायच्या बैठकीनं बायकांना गुण आला. माझे मार्गदर्शक सर खूश. आता अकोल्याकडच्या गावांत बैठका सुरू होणार आणि इथली बंद. तुम्ही बऱ्या झालात ना!

पार्बताबाई : बंद? काहून? गुरुवार येते म्हणून तं आठवडा सरते माहा.

गजाला : म्हणजे थोडा तरी गुण आला?

पार्बताबाई : बैठकीचा आला का तुहा आला, मले काय ठाव? तुले उशीर झाला का आमी रस्त्याकडं पाहत बसतो. अकोल्याच्या बायायकडं तू जाशीन का?

गजाला : नाही. दुसरं कोणी जाईल.

पार्बताबाई : मंग त्यायले गुण येईन का?

गजाला : ते मलाही सांगता येणार नाही. उद्या सरांना सांगते, माझा निष्कर्ष चुकला. बैठक बंद करू नका.

(गजाला डोळे पुसते.)

पार्बताबाई : आमच्या लाडापायी तुह्यं काम बिघडलं, बाई.

गजाला : कामासाठी नाही रडत. तुम्ही रात्रभर एकट्या बसत होता, आणि मी ‘बरी’ लिहून घरी जात होते.

पार्बताबाई : आयक. पुन्हा इचार आमाले. पण तू नको इचारू, परकं माणूस धाड. त्याले खरं सांगीन, झोप नाई लागत म्हणून.

गजाला : आणि मी?

पार्बताबाई : तू अशीच ये.