केसांत गेलेला क्लच

मंचावर स्थानापन्न असलेले आणि तिथून उठायची मुळीच घाई नसलेले आपल्या झाशीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माननीय केशवरावजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे इंजिनियर मकरंद, मंडळाच्या सचिव सौभाग्यवती अनुराधा, आणि आतल्या खोलीत समोसे गार होताहेत या काळजीत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला अक्षर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे भाषण मी सांगितलं, नात सलोनीने उतरवून घेतलं आणि मलाच परत वाचून दाखवलं. तिने मध्ये मध्ये 'कृतज्ञता' वगैरे शब्द घातले होते, ते मी गाळले आहेत.

मकरंदची बदली झाली. त्याने कंपनीत काय काय केलं ते कंपनीवाले सांगतील. मी आपल्या पिकअपबद्दल बोलणार. ती गाडी आमच्या ह्यांनी मंडळाला दिली. हे गेले, गाडी राहिली. गणपती, खुर्च्या, आचारी, सगळं तिने वाहिलं. दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास, किल्ल्याजवळच्या चढावर ती रुसली. इंजिन गर्जना करतंय आणि गाडी जागची हलत नाही. वास असा, की कुकरची रिंग गॅसवर राहिली असावी.

अध्यक्षांनी निदान केलं, "इंजिन गेलं." कबाडीवाल्याला गुरुवारी यायला सांगूनही टाकलं. निर्णय तडफेने घेणं हा त्यांचा गुण आहेच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मकरंदला मात्र बोलावलं. त्याने हँडब्रेक ओढला, चौथा गियर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू उचलला. इंजिन आपलं चालूच.

"आजी, आत्ता हे बंद पडायला हवं होतं. पडलं नाही. म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाहीये. इंजिन ठणठणीत आहे."

"मग बिघाड कशात?" केशवराव म्हणाले.

"काका, पायात. तुम्ही चालवताना पाय सारखा क्लचवर ठेवता. प्लेट झिजली."

त्यावर अध्यक्षांनी विषय हवापाण्याकडे वळवला.

मिस्त्री सुभाषचंद्र भैयांनी मला फोनवर सांगितलं, "अम्मा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट और बेयरिंग, तीनों लगेंगे." मी ते पाठ केलं आणि अनुराधाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अनुराधा तेव्हा हळदीकुंकवाची यादी करत होती. तिळगूळ, सुपारी, वाण. त्याच कागदावर खाली तिने लिहिलं. आता मी अडाणी बाई, पण स्वल्पविराम कुठे घालायचा हे शिकलेल्यांनी बघायचं की नाही? कागदावर झालं: क्लच, प्लेट, प्रेशर, प्लेट, बेअरिंग.

तो कागद घेऊन आपले अध्यक्ष बडा बाजारात गेले. आले ते केसांत लावायचे रंगीत क्लच तीन डझन, स्टीलच्या प्लेटा दोन डझन आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर घेऊन. मी विचारलं, प्लेटा दोन डझन का? म्हणाले, "यादीत दोनदा होतं." बेअरिंग मात्र मिळालं नाही. बांगडीवाला म्हणाला, ये हमारे यहाँ नहीं आता.

बायकांनी मात्र वाणाचं कौतुक केलं. आजही या सभागृहात अर्ध्या जणींच्या केसांत आमच्या पिकअपचा क्लच आहे. हात लावून बघू नका, घट्ट आहे, घसरत नाही.

मग बुधवारी मकरंद स्वतः जाऊन खरं सामान घेऊन आला. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. जुनी प्लेट बाहेर आली तेव्हा तिच्यावर नुसते रिव्हेट उरले होते, बाकी गुळगुळीत. कशासारखी दिसत होती ते सांगत नाही, अध्यक्षांनी आज टोपी घातली आहे.

नवी प्लेट अगदी मधोमध बसावी लागते, नाहीतर गिअरबॉक्स परत आत जात नाही. मधोमध धरायला हवं तसं हत्यार मिस्त्रींकडे नव्हतं. मकरंद माझ्या दारात.

"आजी, पुरणपोळीचं लाटणं देता?"

"तू पोळ्या करणार?"

"एकच. मोठी आहे, आणि मधोमध बसवायची आहे."

निमुळत्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून त्याने ते लाटणं प्लेटच्या भोकात घातलं, प्लेट सरळ धरली, बोल्ट आवळले. संध्याकाळी गाडी चढ चढून गेली. मी पुढे बसले होते, ह्यांच्या जागेच्या शेजारी. गुरुवारी कबाडीवाला आला, त्याला तिळगूळ देऊन परत पाठवलं. लाटण्याला अजून ग्रीसचा वास येतो. पोळ्यांना येत नाही, तुम्ही खाल्ल्या आहेत.

तेव्हापासून चावी मकरंदच्या खिशात होती. आता तो चालला, आणि नियमाने चावी अध्यक्षांकडे जायची. माननीय अध्यक्ष महोदय, तुमच्या पायांविषयी मला नितांत आदर आहे, रोज पडेन म्हणाल तर पडेन. पण चावी अनुराधाकडे द्या. नको तिथे स्वल्पविराम घालणारी बाई आहे, थांबायच्या जागी नक्की थांबेल.

केशवराव मान हलवताहेत. ती होकाराचीच आहे असं सगळ्यांनी बघून ठेवा.

माझं बोलणं ऐकलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर पोटात घाला, समोशांबरोबर.

आणि मकरंद, पिकअप बाहेर उभी आहे, तुझं सामान भरलंय, स्टेशनपर्यंत तूच चालव. फक्त झाशीवरून पाय एकदम उचलू नकोस रे. मागे बसलेल्यांना गचका बसतो.