टिकली चमकते म्हणून

उषाबाई : ताट झाकून ठेवलंय. घे वाढून.

ललित : आधी सांग ना माय, कसा वाटला? मधोमध लावलाय, लाल फीतवाला. पाहिलास ना?

उषाबाई : पाह्यला.

ललित : अगं, एवढ्या मोठ्या सुरतमधून पहिला आला माझा फोटो! आणि तू सुतक असल्यासारखी काय बसलीस?

उषाबाई : सुतकच म्हण.

(बमरोलीच्या चाळीतली एकच खोली. ललित पर्वत पाटियाच्या स्टुडिओतून आत्ताच आलाय, पेढ्यांचा पुडा हातात तसाच. त्यानं काढलेला आईचा फोटो प्रदर्शनात पहिला आला, आणि आईबाप आज दोघंच, नवे कपडे घालून, तो बघून आलेत. भटू, त्याचा बाप, पॉवरलूमवर पाळीला जायचा डबा बांधतोय. एरवी गडी बडबड्या. आज मान खाली घालून नुसत्या गाठी मारतोय.)

ललित : नाना, ही असं काय बोलतेय?

भटू : तिलेच विचार.

उषाबाई : माले एक सांग. फोटो काढला त्या दिवशी मांडणीवरचे डबे कोणी उतरवले?

ललित : मीच. अगं, स्टुडिओतले सर सांगतात, फ्रेममध्ये एकच गोष्ट ठेवा. मागं स्टीलचे डबे लखलखले की बघणाऱ्याची नजर तिकडंच पळते.

उषाबाई : पळू दे की! घासून घासून हात मोडले माझे त्या डब्यांपायी. आनि टेबलपंखा?

ललित : तो फ्रेमच्या कोपऱ्यात येत होता.

उषाबाई : आनि तुझे नाना? माझ्या शेजारी च्या पीत बसले व्हते. त्यांलेबी उठवलं.

ललित : माय, तिथं जागा मोकळी हवी होती. माणूस एका कडेला बसवायचा, बाकी भिंत रिकामी सोडायची. मग फोटो बोलतो.

उषाबाई : बोलला ना. लई बोलला.

भटू : आनि मी खिडकीबाहेर पांढरी चादर ताणून उभा. "नाना, थोडी वर. नाना, थोडी तिरपी." खांदे भरून आले, शेजारचा सुकदेव हसून हसून पडला. म्हटलं, हस बाबा. माझ्या बायकोचा फोटो निघतोय.

ललित : त्या चादरीमुळंच तर तिच्या तोंडावर तसा उजेड आला, नाना! सरांनी सगळ्यांदेखत वाखाणला.

उषाबाई : आनि टिकली?

ललित : माय, पेढा घे ना आधी.

उषाबाई : पेढा राहू दे. सांग नानांले.

भटू : टिकलीचं काय?

उषाबाई : "माय, टिकली चमकते, काढून टाक. बांगड्या पदराखाली घे." मी म्हटलं, लेकाची विद्या आहे, उजेडाचं काही असेल. काढली मी. भरल्या कपाळाची बाई, नवरा खिडकीबाहेर धडधाकट उभा, आनि मी आपल्या हातानं काढली.

भटू : काढली तू?

उषाबाई : काढली. बोला आता माले काय बोलायचं ते.

भटू : तुले काय बोलू...

ललित : माय, शपथ घेतो, नुसती चमक येत होती. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

उषाबाई : मग फोटोखाली पाटीवर काय लिव्हलं?

ललित : ते नाव सरांनी सुचवलं.

उषाबाई : लिव्हलं कोणी?

ललित : मी.

उषाबाई : वाच मग. वाचून दाखव.

ललित : नको ना, माय.

उषाबाई : माले अक्षर येत नही. तिथल्या एका बाईले विचारलं, ताई, हे काय लिव्हलं? ती म्हणे, "निराधार". आनि वरून म्हणते, "बिचारीनुं कोई नथी!" कोणी नही म्हणे बिचारीले! माझ्याच तोंडाकडे बघून बोलत व्हती रे. नवी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं माले ओळखलं नही. माले वाटलं, पायाखालची फरशी दुभंगावी आनि मी आत जावं.

ललित : बस्स कर, माय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

उषाबाई : तुझे डबे-पंखे गेले चुलीत. गरीब दाखव, फाटकी दाखव, मी काही बोलले नसते. पण हे?

ललित : चुकलो. मी एकेक वस्तू काढत गेलो, फोटो सुंदर होत गेला. शेवटी काय काढलं ते दिसलंच नाही मला. सकाळी जाऊन पाटी उतरवतो. फोटोच उतरवतो. नको मला बक्षीस.

उषाबाई : आनि रविवारी बक्षीस घ्यायले आम्हांले स्टेजवर न्यायचं व्हतं ना? ने की! निराधार बाई पुढं, आनि मागून तिचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून! अख्खी सुरत हसेल तुले.

ललित : नाना, तुम्ही तरी बोला. शिव्या द्या, एक ठेवून द्या, पण असे गप्प बसू नका.

भटू : उशीर व्हतोय. निघतो.

ललित : थांबा. ती बाई तसं बोलली, तेव्हा तुम्ही कुठं होता?

भटू : हिच्या बाजूलेच.

ललित : मग तिच्या तोंडावर सांगायचं ना! हिचा नवरा मी, हा काय इथं उभा आहे म्हणून! तुम्ही कोणाचं ऐकून घेता का कधी?

भटू : ओठावर आलं व्हतं.

ललित : मग?

भटू : तुझं बक्षीस गेलं असतं ना, पोरा.