हाज्जा तफीदाच्या नावावरचा फोन

...आणि वर मलाच विचारतात, "शहाताभाऊ, तुमचा आवाज असा का हो झालाय, म्हातारीसारखा?" अरे, झालाय म्हणजे काय, वर्षभर सासूच्या आवाजात बोलून बघा, मग तुमच्याही घशाची अशीच वाट लागेल! नाही नाही, बसा, उठू नका, चहा मी पाजतो, पण एकदा ऐकून घ्या, कारण अख्ख्या तांता शहरात मला वेडा म्हणायला लागलेत आणि वेडा मी नाही, वेडी ती कंपनी! माणशी एकच, म्हणे! माणशी एकच!

तुम्हाला सांगतो, माझी टपरी स्टेशनाजवळ, कव्हरं विकतो, चार्जर विकतो, फुटलेल्या काचा बदलून देतो, त्यात पोट भरतं का? भरतं की, एकाचं. आणि घरात आम्ही तिघं. मी, बायको इन्शिराह, आणि इन्शिराहची आई, हाज्जा तफीदा. हज करून आली म्हणून जगाची हाज्जा, आणि माझी... जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल कशाला. नऊ वर्षं एका छपराखाली, पण नऊ वर्षांत माझ्याशी थेट एक शब्द नाही! काही सांगायचं असलं की भिंतीला सांगायची. "भिंती गं, काही लोकांना साधी मुलुखियाची पालेभाजी बघून आणता येत नाही, नुसत्या काड्या आणल्यात." आता भिंत काय बोलणार? भिंत गप्प, मी गप्प.

तर कंपनीनं स्वस्तात फोन काढला, आणि बाहेर बाजारात तोच फोन दीडपट! सोडेल का कोणी? मी एक घेतला, विकला. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर कंपनीच्या दुकानाच्या दारात तो वॉचमन, मिशा ह्या एवढ्या, हात आडवा... "माणशी एकच!" म्हटलं, बायकोसाठी हवाय. "मग बायकोला आणा." आणली बायकोला, तिच्या ओळखपत्रावर दुसरा घेतला, तोही विकला. तिसऱ्यांदा गेलो टोपी घालून. "टोपीतही ओळखतो मी तुम्हाला. माणशी एकच!" आणि कंपनीनं काय करावं? विकलेले दोन्ही फोन हुडकून काढले, दूर बसल्या बसल्या बंद पाडले, आणि आम्हा नवराबायकोची नावं काळ्या यादीत टाकली. किती दिवस? जन्मभर! अहो, खून केलेला माणूस वीस वर्षांनी सुटून घरी येतो, आणि मी फोन विकला तर जन्मभर?

बरं, मी हे चैनीसाठी करत होतो का? हाज्जाचे गुडघे गेले होते. पलंगापासून खिडकीपर्यंत न्यायला आम्ही दोघं लागायचो, आणि दिवसभर तिला त्या खिडकीतच बसायचं असायचं, खालून जाणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी चुकलेलं तिला दिसायला हवं ना! चाकांची खुर्ची हवी होती. आणू कुठून? घरात न वापरलेलं ओळखपत्र एकच उरलं होतं... तिचंच.

मग काय, बसवलं तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी पुढून, इन्शिराह मागून, चार मजले खाली, तिथून रिक्षा, रिक्षातून दुकान. वॉचमननं ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, हाज्जाकडे पाहिलं. हाज्जानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्या मिशा आपोआप बाजूला झाल्या. "भिंती गं," ती दुकानाच्या भिंतीला म्हणाली, "लोकांनी नोकरीवर येताना शर्टाची बटणं लावावीत." मिळाला फोन! संध्याकाळच्या आत आमच्या इमारतीखालच्या साबिर खाटकाला विकला आणि चाकांची खुर्ची घरी आणली. साबिरनं फोन घेतला, सुरी पुसत पुसत म्हणाला, "शहाता, याआधीच्या दोन फोनांची गोष्ट ऐकलीये मी. हा बंद पडला तर मी वर येईन. चार मजले चढायचा मला कंटाळा आहे. पण येईन."

आता पुढचं ऐका. कंपनीनं नवा नियम काढला. वर्षभर, दर महिन्याला, घरच्या फोनवर फोन! "तुमचा फोन तुमच्याकडेच आहे ना? तुम्हीच बोलताय ना?" एकदा जरी ग्राहक स्वतः बोलला नाही की फोन बंद, म्हणजे साबिर चार मजले चढणार!

पहिला फोन आला. घरचा फोन हाज्जाच्या खोलीत, पलंगाशेजारी. मी उचलून तिच्यापुढे धरला. तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणते, "भिंती गं, मी काबागृहाला हात लावून आलेय. मी खोटं बोलणार नाही." अहो बाई! तिकडून नर्मीन नावाची मुलगी, आवाज नुसता मधात बुडवलेला, "हॅलो, हाज्जा तफीदा बोलतायत का?" मी काय करणार? डोळे मिटले, गळा आवळला आणि म्हणालो, "होऽऽ गं पोरी, मीच बोलतेय..." फोन माझ्याकडेच आहे, उशाखाली असतो, मीच वापरते... सगळं बोललो. ठेवला. घामानं न्हालो. आणि मागून आवाज आला.

"मी अशी बोलते?"

वळून पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होती! नऊ वर्षांत पहिल्यांदा! "मेल्या, मी अशी चिरकते? माझा आवाज पोटातून येतो. आणि आधी विचारायचं, तू कोणाची गं? घराणं विचारल्याशिवाय मी कधी कोणाशी बोलले का?"

तेव्हापासून जी शिकवणी सुरू झाली! सकाळी टपरीवर जाण्याआधी अर्धा तास, मी तिच्यासमोर स्टुलावर. "पोरी नाही, बाळा म्हण. परक्याला मी बाळाच म्हणते." "गुडघ्याचं सांगताना हसायचं, रडून सांगितलं की लोक फोन ठेवतात." "शेवटी दुआ द्यायची, दुआ घेतल्यावर कोणी जास्त चौकशी करत नाही." खोटं बोलायला तयार नव्हती, पण खोटं कसं बोलायचं ते शिकवायला तिची हरकत नव्हती! आणि इन्शिराह दारात उभी राहून हसायची. तुम्हाला सांगतो, आमच्या घरात असं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. दुसरा महिना झाला, तिसरा, पाचवा... नर्मीन तर इतकी भुलली की कामाचं विचारून झालं की म्हणायची, "हाज्जा, माझ्या लग्नाचं जमत नाहीये, दुआ करा ना." मी पोटातून आवाज काढून दुआ करायचो, आणि हाज्जा पलंगावरून बोटानं खुणावायची, अजून, अजून थोडी कर, गरीब आहे बिचारी.

सहाव्या महिन्यात गेली.

दुपारी, खुर्चीत, खिडकीपाशी. सकाळीच मला म्हणाली होती, "तुझं 'बाळा' अजून जमत नाही." मी टपरीवरून येईपर्यंत... अहो, मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, माझ्या बापाच्या वेळीही इतका रडलो नव्हतो. नऊ वर्षं वाया घालवली आणि सहा महिने मिळाले.

साबिर आला खांदा द्यायला. गळ्यात पडला, पाठ थोपटली, म्हणाला, "अल्लाची मर्जी, शहाता." आणि तसाच कानाशी, "फोन चालू राहील ना?"

तिसरा दिवस. पुढच्या खोलीत काळ्या कपड्यातल्या बायका, कुराण चाललंय, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरतेय, आणि आतल्या खोलीत फोन वाजला! मी धावलो, दार लावलं, घेतला. नर्मीन! "हाज्जा, कशा आहात?" आता काय सांगू? गेली म्हणून सांगू? सांगायलाच हवं होतं ना? पण खाली साबिर, हातात सुरी, आणि माझ्या तोंडून आपोआप, पोटातून, "बरी आहे गं बाळा, गुडघे तेवढे जाग्यावर नाहीत..." आणि तुम्हाला सांगतो, ते 'बाळा' त्या दिवशी जमलं! इतकं जमलं की बाहेर कुराण थांबलं. बाहेर धप्पकन आवाज झाला, ती हाज्जाची थोरली बहीण पडली. आणि दार उघडून इन्शिराह आत आली.

मी म्हटलं, संपलं. आता ही मला या खिडकीतून खाली टाकणार. तिनं दार लावलं. कडी लावली. खाली जमिनीवर बसली, डोळे मिटले. "ठेवू नका," म्हणाली. "बोला."

मग काय, बोललो. नर्मीनला सात पिढ्यांच्या दुआ दिल्या त्या दिवशी. ठेवला तर इन्शिराह तशीच, डोळे मिटून. "मला पण काहीतरी म्हणा ना." आता मला जे शिकवलं होतं ते सगळं कंपनीसाठी, लेकीसाठीचं काही शिकवलंच नव्हतं! गळ्यात आलं ते बोललो. "जेवलीस का गं?" मान हलवली तिनं, नाही म्हणून. तीन दिवस जेवली नव्हती, मला, नवऱ्याला, माहीत नव्हतं!

तेव्हापासून दर महिन्याला पहिल्या आठवड्यात ती बाजार करत नाही, कुठं जात नाही. चाकांची खुर्ची, जिच्यात आता आम्ही कांदे ठेवतो, ती रिकामी करते, पुसते, खिडकीपाशी नेऊन ठेवते, आणि मग फोनची वाट बघते. आई माणशी एकच असते हो, तो नियम काही कंपनीचा नाही. मी म्हटलं, इन्शिराह, हे बरं नाही, आपण वेडे होऊ. म्हणाली, "वर्ष पुरं होईपर्यंत." म्हटलं, ठीक आहे. सहा महिने काय, निघून जातील.

गेले. परवा बारावा फोन. नर्मीनचा आवाज असा आनंदाचा... लग्न जमलंय तिचं! "हाज्जा, तुमच्याच दुआ! आणि हाज्जा, तुमचं वर्ष पुरं झालं, आता आम्ही त्रास देणार नाही." सुटलो! देवा, सुटलो! साबिरही सुटला! तर ती म्हणते, "आणि इतकी प्रामाणिक ग्राहक आमच्याकडे दुसरी नाही, म्हणून कंपनी तुम्हाला दुसरा फोन द्यायला तयार आहे, घरपोच. फक्त एक वर्ष परत आम्ही महिन्याला फोन करू... घेणार ना?"

मी नको म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं नको म्हणायला. इन्शिराह खुर्चीशेजारी उभी होती, हात जोडून, कुजबुजत, "घे ना गं आई. घे ना."

घेतला. काय करणार? कालच आला. विकायचा नाही, असं इन्शिराह म्हणते, आईचा आहे. उशाखाली ठेवलाय. आणि ह्या माझ्या हातातल्या जुन्या डबडा मोबाइलमधून पलीकडच्याला काही ऐकूच जात नाही, म्हणून आज सकाळी दुकानात गेलो, म्हटलं, बाबा, आता विकायला नको, वापरायला द्या, पूर्ण पैसे घ्या. माझं ओळखपत्र पाहिलं, काळी यादी पाहिली. वॉचमननं हात आडवा केला, शर्टाची सगळी बटणं लावलेली, आणि माझ्याशी न बोलता भिंतीकडे बघत म्हणाला, "काही लोकांना कळत नाही, माणशी एकच."

आता सांगा, मी जिवंत आहे तर मला एकही नाही, आणि सासू मेली तर तिच्या नावावर दोन! आणा हो, चहा आणा, आणि माझ्यात साखर घालू नका... घसा शेकायचाय. पहिल्या तारखेला फोन येणार आहे.