शंभरपैकी चौऱ्याऐंशी

...आणि वर नगरपालिकेतले साहेब मलाच विचारतात, "आजी, तक्रार करायला आलात की आभार मानायला?" आभार? अख्ख्या गल्लीत माझं एकटीचं घर नकाशावर लालभडक रंगवलंत, आणि आभार मानू? मी? आणि असुरक्षित? अहो, तुम्हाला सांगते, मागच्या पुरात गुडघाभर पाण्यात उभं राहून शिलाई मशीन एकटीनं माळ्यावर चढवलंय मी! आणि मग थोरल्या जाऊबाईंना पाठुंगळीवर घेऊन टेकाडावरच्या शाळेत नेलंय... आणि जाऊबाई काही हलक्या नाहीत हो, अंगानंही नाहीत आणि बोलण्यानं तर नाहीतच!

पण चूक झाली खरी. माझी नाही, त्या शब्दाची! झालं काय, सर्वेवाली बाई आली, हातात ती पाटीसारखी स्क्रीन. म्हणाली, "नदी फुगली तर कुणाला आधी मदत लागेल, त्याचा नकाशा करतोय. जमिनीच्या उंचीचा एक थर, पाण्याचा एक, माणसांचा एक. थरावर थर ठेवले, की प्रत्येक घराचे गुण निघतात." गुण! संपलं! मी शाळेत पस्तिसाच्या वर कधी गेले नाही, आणि जाऊबाई फर्स्ट क्लास, चाळीस वर्षं ऐकतेय! "वय?" अडुसष्ट. गुण वाढले! मी तिरक्या नजरेनं बघत होते ना. "एकट्याच राहता?" एकटीच. वाढले! "चालायला त्रास?" म्हटलं, होतो की! "चक्कर वगैरे?" आत्ताच येतेय, बाई, धर मला! ...चौऱ्याऐंशी! शंभरपैकी! गल्लीत पहिली!

दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, ब्लाउज न्यायला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, गल्लीच्या टोकाला जाऊबाईंकडे. "तुम्हाला किती हो पडले?" त्या म्हणतात, "एकतीस." नापास! मी? नुसती हसले. दोनदा.

आठ दिवसांनी नकाशा लागला फलकावर, आणि इस्त्रीवाला म्हणतो, "मावशी, जास्त गुण म्हणजे जास्त दुबळं." दुबळं! मी? आणि असुरक्षित? जाऊबाई गॅलरीत... नाही, गॅलरीत कुठल्या, खालीच, दारात खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "अभिनंदन हो!" जिव्हारी लागलं! तशीच निघाले, तीन जिने चढून साहेबांसमोर. "माझे गुण कमी करा!"

साहेब म्हणाले, "असं मागणारं पहिलंच कुणी आलं." म्हटलं, लिहून घ्या. तीन जिने चढले, दम लागला का? नाही. चक्कर? खोटी! सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते, लावा पैज! साहेब म्हणाले, "ठीक आहे, लाल काढू. पण आजी, लाल घरी बोट आधी जाते. हिरव्या घरी सगळ्यात शेवटी." म्हटलं, जाऊ दे शेवटी, मला पोहता येतं! आणि बोलता बोलता माझी नजर गेली भिंतीवरच्या नकाशावर, आमच्या गल्लीच्या टोकाला. सगळ्यात खोलगट जागा, आणि तिथं जाऊबाईंचं घर. हिरवंगार.

"हे हिरवं कसं?" "त्यांनी सांगितलंय की, वरचा मजला आहे, तब्येत ठणठणीत. वर जाऊन बसतील." वर? अहो, चार वर्षांत ती बाई एक पायरी चढलेली नाही! गुडघे गेलेत दोन्ही! मी फुशारकीपायी आजारी झाले, आणि ही फुशारकीपायी ठणठणीत! साहेब म्हणाले, "त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर बदलू." त्या येतील? त्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहतील आणि म्हणतील, आमच्याकडे काही ओल नाही हो!

खरं सांगते, चाळीस वर्षं भांडतेय त्या बाईशी. ती नसली तर भांडू कुणाशी?

म्हटलं, साहेब, माझ्या घरात एक आजारी माणूस लिहा. माझी थोरली जाऊ. "पण त्या तिथं राहत नाहीत." इशाऱ्याचा भोंगा वाजला की राहतात! मी आणते पाठुंगळीवर! "अहो, पाठुंगळीवर आणता, म्हणजे तुम्ही असुरक्षित नाहीच. मग गुण कमीच..." खबरदार! म्हटलं, एका गुणाला हात लावाल तर! चक्कर येते मला, वय झालंय, तीन जिने चढून छातीत धडधडतंय, बघा! पाणी द्या आधी!

दिलं हो पाणी. आणि लिहिलंही. आजारी माणसाचे आठ गुण वाढले.

ब्याण्णव! साऱ्या नकाशात पहिली! ...आणि जिच्या नाकावर टिच्चून सांगायचं, नेमकं तिलाच सांगता येत नाही.