रक्त अकरा जणांचं, कागद कुणालाच नाय

मी सुमन. माझं माहेर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाट चढायला लागतो त्याच्या अंगाला आमची वाडी. आता राहते महाडला, शिलाईकाम करते, ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस. वाडीवर आमच्या घराला आडनावानं कोण ओळखायचं नाय, वाकड्या पायवाल्यांचं घर बोलायचे. माझा बापूस, त्याची बहीण म्हणजे माझी आत्या, बापसाचा बापूस, सगळ्यांचे पाय तसेच. तसेच म्हणजे कसे, काय सांगू तुम्हाला, तळव्याची कमान उंच, बोटं आखडलेली आणि पोटरी एवढीशी, काठीला कापड गुंडाळल्यासारखी. चालताना पाऊल पुढून लोंबतं, म्हणून गुडघा वर उचलून उचलून चालायचं, गुडघाभर पाण्यातून चालल्यागत. मी शाळेत जायला लागले तवा माझं पण तेच. स्लीपर पायात राहायची नाय, मी पुढं आणि स्लीपर मागं, पोरी हसायच्या, मंग आय मागून पट्टा शिवून द्यायची. पण त्याचं दुःख नव्हतं हो. घरात सगळेच तसे चालतात म्हटल्यावर दुःख कसलं.

उपाय केले नाय असं नाय. तेल झालं, पाला झाला, देवाला सांगून झालं. कुणीतरी बापसाला बोललं, पोरीला महाडजवळ सव गावाला ने, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसव, नसा मोकळ्या होतील. मी असेन दहा-अकरा वर्षांची. गेलो आमी. मी काठावर बसले, पाणी जिथं जास्त कढत तिथंच पाय सोडले, आणि बापूस माणसांशी बोलत बसला. मला काय गरम लागेना. बाजूची एक बाई ओरडली, अगो पोरी, पाय बघ तुझे! लालेलाल, वर फोड आलेले, आणि मला पत्ता नाय. आमच्या पायांना कळतच नाय ना, गरम-गार, काटा-खडा. बापूस धावत आला, मला उचलायला वाकला आणि स्वतःच पडला. तिथं चार माणसांच्या समोर बसून रडला माझा बापूस. त्यानंतर त्यानं उपायाचं नाव काढलं नाय.

शेतात माझा उपयोग नव्हता, म्हणून आत्यानं मला शिलाई शिकवली. लगीन झालं. माझा नवरा गवंडी, तो बघायला आला तेव्हाच त्यानं पाय बघितले होते, बोलला, मला घर चालवायला बायको पायजे, शर्यत लावायला नाय. एकच मुलगी झाली, रेश्मा. तिच्या पायांकडं मी किती वर्षं बघत होते ते मलाच ठाऊक. आंघोळ घालताना बघायची, झोपली की बघायची. सरळ होते. पण आमचं दुखणं कवा कवा उशिरा पण उठतं, म्हणून बघायचं सोडलं नाय. पुढं माझ्या हातात पण आलं, अंगठ्याच्या बुडाचं मांस गेलं, सुईत दोरा ओवता येईना, मशीनचा पायटा पायाला कळेना म्हणून मोटार बसवली. हुक आणि काजं रेश्मा करायची. असं चाललं होतं, आणि चाललं होतं ते बरं चाललं होतं.

मंग ते डॉक्टर आले. माझा चुलतभाऊ मुंबईला पायाचं ऑपरेशन करायला गेलेला, तिथं मोठ्या इस्पितळात त्याला विचारलं, घरात अजून कुणाचे असे पाय हायत का. हा बोलला, अख्खी वाडी घेऊन येऊ का! तर तेच आले वाडीवर, गाडी घेऊन. मला महाडवरून बोलावलं, मी रेश्माला घेऊन गेले, ती तवा बारावीला. शाळेच्या वर्गात बसले सगळे. एक बाई डॉक्टर होती, फार गोड बोलायची, तिनं मोठ्या कागदावर आमचं घर काढलं. बाप्यांना चौकोन, बायांना गोल, आणि ज्याचे पाय वाकडे त्याचा चौकोन नायतर गोल काळा करायचा. आजा काळा, बापूस काळा, आत्या काळी, मी काळी. रेश्माचा गोल पांढरा ठेवला आणि वर प्रश्नचिन्ह काढलं. बोलली, हे रक्तातनं येतं, अर्ध्या मुलांना येतं, अर्ध्यांना नाय, औषध अजून नाय, पण तुम्ही रक्त दिलंत तर उद्या निघेल. मंग नाय कसं म्हणणार? अकरा जणांनी दिलं, रेश्मानं पण. माझा म्हातारा बापूस, त्याची नस सापडेना, चार वेळा टोचलं, तरी बोलला घ्या बाय घ्या, नातवंडांच्या कामाला येईल. सह्या घेतल्या, कागद इंग्रजीत. मी विचारलं, आमाला कळवाल ना? ती बोलली, हो हो ताई, प्रत्येकाचा रिपोर्ट घरी येईल.

नाय आला. वरीस गेलं, दुसरं गेलं. फोन करायची मी. पहिल्यांदा उचलायचे, काम चालू हाय बोलायचे, मंग नंबरच लागेना. बापूस गेला, तोवर विचारत होता, काय आलं गो मुंबईचं? मी बोलायची, येईल. खोटं किती दिवस बोलणार.

रेश्माचं लगीन शिवथरच्या खोऱ्यात झालं. आमी काय लपवलं नाय, माझे पाय तर समोरच होते, पण पोरीचे सरळ होते आणि जावयाला ती आवडली. दीड वर्ष सुखाचं. मंग एक दिवस तिचा फोन, आई, जिना चढताना मांड्या भरून येतात. पंधरा दिवसांनी बोलली, खाली बसले की उठता येत नाय. महिन्या-दोन महिन्यांत हात वर जाईना, केस विंचरायला सासूला सांगायला लागलं. आणि काय सांगू, सगळे एकच बोलले. सासू बोलली, माहेरचं निघालं. शेजारीण तेच बोलली. डॉक्टरकडं नेलं, त्यानं पोरीकडं बघायच्या आधी माझ्या पायांकडं बघितलं आणि बोलला, आई, हे तुमच्या घरातलंच हाय, याला औषध नसतं, व्यायाम करा. दुसरा तेच बोलला. तिसऱ्यानं तर पहिल्याचा कागद वाचला आणि तेच खाली लिहिलं.

मी ओरडून ओरडून सांगत होते. डॉक्टर, माझा जन्म गेलाय या दुखण्यात, मला त्याची चाल माहीत हाय. आमचं पायाच्या बोटातनं सुरू होतं आणि गुडघ्याला यायला वीस वर्षं लावतं. हिचं दोन महिन्यांत मांडीत आलं, खांद्यात आलं, हिच्या पोटऱ्या तर अजून भरलेल्या हायत. हे आमचं नाय. कोण ऐकतंय? शिवणकाम करणारी बाई नसांचं काय सांगणार! सासू तर तिला आणून माझ्या दारात सोडून गेली, बोलली, तुमच्या घरचं दुखणं, तुमीच सांभाळा. जावई गाडीतनं उतरला पण नाय. आठ महिने गेले असे. आठ महिने! माझी पोरगी खाटेवर, मी तिला उचलायला जायची तर माझ्या हातात जोर नाय, दोघी पडायचो. नवरा कामावरनं येईपर्यंत कवा कवा तशाच जमिनीवर बसून राहायचो.

शेवटी नवरा बोलला, ज्यांनी रक्त नेलं त्यांनाच विचारू. गेलो मुंबईला, पोरीला गाडीत आडवी घालून. त्या इस्पितळात ती गोड बोलणारी बाई नव्हती, परदेशी गेली बोलले. खिडकीवरची मुलगी बोलली, तो अभ्यास संपला, आणि ते रिपोर्ट अभ्यासासाठी असतात, पेशंटला देत नाय. मी बोलले, अगो, रक्त आमचं होतं ना? ती बोलली, नियम हाय मावशी. नियम! टोचताना नव्हता नियम. मी तिथंच खाली बसले, बोलले, आता उठवा मला, मला पण उठता येत नाय.

तिथनं एक तरणा डॉक्टर चालला होता, शिकाऊच असेल. तो थांबला. त्यानं माझं ऐकलं, आणि पहिल्यांदा कुणीतरी पोरीच्या पायावरची चादर काढून नीट बघितलं. गुडघ्यावर हातोडी मारली, मांडी दाबून बघितली, डोळे मिटायला लावून बोटं हलवली. करंट देऊन नसा तपासल्या, पाठीतलं पाणी काढलं. आणि आतल्या कपाटातनं जुनी फाईल शोधून काढली. तोच कागद हो, आमचं घर, चौकोन नि गोल. मागं अकरा नावांची यादी, नावापुढं खूण. माझ्यापुढं बेरीज. बापसापुढं बेरीज. रेश्मापुढं वजाबाकी.

मी विचारलं, वजाबाकी म्हणजे काय? तो बोलला, तुमच्या घरचा आजार हिला नाय मावशी. कधीच नव्हता. हिचा वेगळा हाय, हिच्या अंगाची राखण करणारी ताकदच उलटी फिरलीय आणि नसांवरचं आवरण खातेय. आणि याला औषध हाय. मी विचारलं, ही खूण कवा केलेली? त्यानं तारीख वाचली. तिच्या लग्नाच्या आधीची होती. म्हणजे बघा तुमी. तो एक कागद माझ्या घरात असता, तर मी पहिल्याच डॉक्टरच्या टेबलावर आपटला असता. मी सांगत होते ते खरं होतं, आणि ते खरं हाय हे त्या कपाटाला माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

सलाईनमधनं औषध चढवलं, गोळ्या चालू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात पोरगी खाटेचा कठडा धरून उभी राहिली. मी रडले नाय, मला राग आला होता, एवढा राग की रडायला सुचेना. मांड्यांत जोर आला, खांद्यांत आला. डाव्या हाताच्या बोटांत पुरा आला नाय, आणि पाऊल थोडं घासतं. मी त्या तरण्या डॉक्टरला विचारलं, आधी आलो असतो तर? तो बोलला, बरीच जास्त सुधारणा झाली असती. खोटं बोलला नाय, एवढं त्याचं मानते मी.

पोरगी चालायला लागली कळल्यावर सासू आणि जावई आले. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला, वजाबाकीचा, तरण्या डॉक्टरनं उतरवून दिलेला. सासूनं वाचून घेतला, बोलली, असं होय, मंग चल बाय घरी. रेश्मा बोलली, तुमी कागद बघून आलात का मला बघून? ती गेली नाय. अजून तरी नाय. तो रविवारी येतो, चहा पिऊन जातो, तिचं तिनं ठरवावं, मी मध्ये पडत नाय. आता ती माझ्यासमोर दुसऱ्या मशीनवर बसते, उजव्या हातानं कापड सारते. ठरल्या दिवशी मुंबईला जाऊन सलाईन घेऊन येते.

आणि मागच्या महिन्यात फोन आला. त्याच इस्पितळातनं, नवीन लोक, नवीन अभ्यास. ताई, तुमचं कुटुंब फार महत्त्वाचं हाय, परत रक्त लागेल. नवरा खुणा करत होता, ठेव फोन. चुलतभावाची नात आता चालायला लागलीय हो, आणि चवड्यावर चालते, आमच्यात सुरुवात अशीच होते. तिच्याकडं बघितलं की नको म्हणवत नाय. मी त्यांना बोलले, या. पण वाडीवर यायच्या आधी जुन्या अकरा जणांचे कागद घेऊन या, मराठीत लिहून, ज्याला पायजे त्याच्या हातात द्या, जो गेला त्याचा त्याच्या पोरांच्या हातात द्या. मंगच सुई काढा. ते बोलले, वरती विचारून सांगतो.

विचारतायत अजून. शोध लागू दे बाबा त्यांना, मनापासून बोलते, त्या नातीचं वय जायच्या आत लागू दे. माझं काय, माझं झालं. पण कागदाशिवाय माझ्या घरातल्या कुणाच्या दंडाला मी आता रक्त काढायचा पट्टा बांधू देणार नाय.