वीस परस

नाव दिनानाथ गजानन उपाध्ये, वय ५४ वर्षे, धंदा बोअरवेलच्या कामांचे नियोजन व देखरेख, शिक्षण एम. ए. संस्कृत (शिक्षणाचा धंद्याशी संबंध काय, असे ठाणे अंमलदारांनी विचारले, तो पुढे येईल), राहणार टपाल नाका, पनवेल.

मला कोणी बोलावलेले नाही. खाडीकाठच्या पाड्यावर राहणाऱ्या भीमाबाई यांनी पाण्याचा पंप चोरला, अशी तक्रार लॉनमालक प्रितमशेठ यांनी दिली आहे आणि म्हातारीला आता आत घालणार, असे ते पाड्यावर सांगत फिरत आहेत. हे कानावर आल्याने मी आपण होऊन हजर झालो असून समक्ष सांगतो ते असे.

प्रितमशेठ यांनी भीमाबाईंच्या घरालगतची जागा घेऊन तेथे लग्नांसाठी लॉन केले आहे. हिरवळीला व कारंज्याला पाणी हवे म्हणून बोअरचे काम त्यांनी मला दिले. जागा पाहणे, दगड पाहणे, परवानगी, गाडी ठरवणे, पाइप, खोदाईवर उभे राहणे, सर्व माझ्याकडे. काम देताना ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, बिघडलं तर तुमीच निस्तरायचं. मी हात लावनार नाय." हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे.

खाडीकाठी वर गोडे पाणी असते आणि त्याच्या खाली खारे. वरचे बेताने उपसले तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. खाली भोक पाडले की खारे वर चढते, आणि एकदा चढलेले खारे पाणी पाहुण्यासारखे लवकर जात नाही. म्हणून आराखड्यात मी एकशेवीस फुटांवर थांबायचे ठरवले होते.

बोअरची गाडी लॉनच्या फाटकातून आत जाईना. भीमाबाईंच्या घरामागून ती न्यावी लागणार होती. त्यांची परवानगी मागायला प्रितमशेठ व मी दोघे गेलो. त्या सुकट निवडत होत्या. त्यांच्या विहिरीवर सगळा पाडा पाणी भरतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गारी जाव दे. पन वीस परसाच्या खाली जायाचा नाय."

प्रितमशेठ म्हणाले, "नाय जानार, काकी." हे मी ऐकले.

येथे शिक्षणाचा संबंध येतो. परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. मूळ शब्द 'पुरुष'. विहिरीची खोली पाड्यावर अजून याच मापात सांगतात. वीस परस म्हणजे माझेच एकशेवीस फूट. त्यांना ते विहीर पाहून कळले होते, मला यंत्र लावावे लागले. घरामागच्या मोकळ्या जागेलाही परस म्हणतात, पण तो शब्द निराळा. दोहोंची गल्लत व्हायला माणूस परक्या मुलखातला तरी हवा, नाहीतर लबाड तरी. प्रितमशेठ जन्माने याच गावचे आहेत.

खोदाईच्या दिवशी एकशेदहा फुटांवर चांगले गोडे पाणी लागले. मी चाखून पाहिले. आणखी दहा फूट जाऊन थांबा, असे गाडीमालक इक्बालभाई यांना सांगून मी कमी पडलेला पाइप आणायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा गाडी चालूच होती. तीनशे फूट झाले होते. वर येणारे पाणी मी पुन्हा चाखले. ते थुंकावे लागले.

इक्बालभाई म्हणाले, "साहेब, मी बोललो, उपाध्येसाहेबांना येऊ द्या. तर शेठ बोलले, बोअर काय साहेबांच्या वालिदची आहे?" माझे वडील मुख्याध्यापक होते. त्यांची कोठेही बोअर नव्हती.

दिलेल्या शब्दाचे काय, असे मी प्रितमशेठ यांना विचारले. ते म्हणाले, "म्हातारी परसाचं बोलली ना? तिच्या परसान कुठं खड्डा मारलाय? बोअर माज्या जागेत हाय." त्यांच्याबरोबरची माणसे हसली. कोटी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होती. मी हसलो नाही.

खालचा भाग ताबडतोब भरून घ्या, असे मी त्यांना त्याच जागी व नंतरही सांगितले. त्यांनी पंप तळाशी सोडला. हिरवळीसाठी ते टँकर मागवू लागले व कारंजे खाऱ्या पाण्यावर दिवसभर चालवू लागले. कारंज्याला कुठे चव कळते, असे त्यांचे म्हणणे पडले.

पुढे एकदा मी पाड्यावर गेलो असता भीमाबाईंनी मला त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा चहा दिला. मी तो सगळा प्यायलो. चहात साखर होती, एवढे नमूद करतो.

परवा प्रितमशेठ करंजा गावी नातेवाइकांकडे गेले असता मी इक्बालभाईंना बोलावून बोअरमधील पंप वर काढवला. त्यांनी ते माझ्या सांगण्यावरून केले. त्यांचा दोष नाही. नंतर खडी, चिकणमाती व सिमेंट घालून तळापासून बोअर भरत आणली. हे भर दुपारी, पाड्यासमोर झाले. लपवण्यासारखे असते तर मी काँक्रीटचा मिक्सर आणला नसता.

पंप भीमाबाईंच्या परसात ठेवला, हे खरे. हिरवळीवर तेलकट वस्तू ठेवू नये, अशी पाटी प्रितमशेठ यांनीच लावली आहे. भीमाबाई तेव्हा पनवेलच्या बाजारात सुकट विकत होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारले, "ह्या काय?" मी म्हणालो, "पंप आहे. शेठ येईपर्यंत असू दे." त्यांनी त्यावर ताडपत्री घातली. काल चौकशीला आलेल्या शिपायाला त्यांनी विचारल्याबरोबर जागा सांगितली. चोर असे करत नाहीत, असे मला वाटते. ठाण्याचा अनुभव अधिक असेल.

काल संध्याकाळी प्रितमशेठ माझ्या दारात आले व म्हणाले, "शास्त्र्या, तुला याच बोअरमदी उतरवीन." बोअर साडेसहा इंची असून मी तीत मावणार नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर त्यांनी माझी कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तूर्त नाही.

बोअर बंद केली का, असे विचारल्यावरून सांगतो की, बंद केलेली नाही. ती आता वीस परस आहे, ठरली होती तेवढी. पंप वर टांगला तर जे पाणी मिळेल ते शेठनी बेताने घ्यावे. तक्रारीत नुकसान म्हणून दाखवले आहे ते एकशेऐंशी फूट भोक आहे. ते भीमाबाईंकडे नाही. झडती घ्यावी. बिघडलेले निस्तरण्याचे काम माझे होते, ते मी केले.

विहीर पुन्हा गोडी होईल का, असे विचारल्यावरून सांगतो की, काही पावसाळे जावे लागतील. भीमाबाईंनीही मला हेच विचारले होते. त्यांचे वय मी त्यांना विचारले नाही.

हा जबाब संगणकावर घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एके ठिकाणी 'वीस परस'चे 'वीस परसबागा' झाले होते, ते माझ्यासमोर दुरुस्त केले. भीमाबाईंच्या तोंडचे म्हणून काल लिहिलेले 'पंप माझ्या परसात आहे' हे वाक्यही बरोबर आहे. मात्र ते कबुली म्हणून नव्हे, पत्ता म्हणून वाचावे. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करतो.