धाकलू घुसळला गेला त्याची गोष्ट

ऐका. आणि त्या बाळकूला कुणीतरी चिमटा काढा रे, आत्ताच डोळे मिटून बसलाय. झोप नाही ती, भ्या आहे भ्या!

तर वरच्या धनगरवाड्यातला धाकलू येडगे. बायको ठकू बाळंतीण. पोराचं अजून बारसं व्हायचं होतं. त्यात म्हैस व्यालेली, चीक सरून धार पांढरी झालेली. आता तिथली रीत ऐका. नव्या दुधाचं पहिलं लोणी देवापुढं ठेवल्याबिगर घरात कुणी दूध तोंडाला लावायचं नाही. बाळंतिणीनंसुद्धा! दूध चरवीभर, पण विरजण मांजरानं चाटलेलं. आणि दिवेलागणीनंतर विरजण कोण देतंय? सख्खी आई द्यायची नाही.

पण धाकलू शहाणा! म्हणाला, "विरजण मागायचंच नाही. दूध घेऊन बहिणीकडं जातो, तिच्या डेऱ्यात लावतो, सकाळी लोणी घेऊन येतो."

"अवं, रातचं उघडं दूध घेऊन खिंडीतनं जाताय व्हय?"

"तू गप पड."

निघाला. खिंडीत शिरतो तर काय, घुर्र घम्म, घुर्र घम्म! कुणीतरी ताक घुसळतंय. एरवी जिथं नुसता दगड, तिथं आज खोपट. आत दिवा. एक बाई रवीची दोरी ओढत बसलेली. तोंड दिसत नाही, पदर पुढं.

"या दादा. वता दूध. धरा दोरी."

"अगं, कच्च्या दुधाचं लोणी कसं येईल?"

"येतंय की!"

मोहात पडला गडी! दूध ओतलं, समोर बसला, दोरीचं एक टोक धरलं. तिनं ओढलं, यानं ओढलं.

"म्हशीचं नाव काय म्हणालात?"

"मोरणी."

घम्म! लोण्याचा गोळा वर आला. पांढराफेक. धाकलू खूश. बाई म्हणाली, "कुणाच्या दुधाचं म्हणालात?" धाकलू तोंड उघडतो आणि... म्हशीचं नाव आठवेना! शिंगं आठवतात, शेपूट आठवतं, नाव नाही.

"बहिणीचं नाव?"

"गोदा." घम्म! दुसरा गोळा. गोदा गेली.

आता धाकलूला काही उमजेना. बाई समोर होती, ती मागनं बोलायला लागली. मग दोन्ही टोकं तिच्याच हातात. मग ह्याच्या हातात काय? खाली बघतो तर दोरी ह्याच्याच कमरेला! रवी गप उभी, आणि धाकलू फिरतोय! इकडं गर्र, तिकडं गर्र! डेरा कुठला, रवी कुठली, मी कुठला?

बाळकू, हसू नकोस. तुला तर नुसतं ताक निघंल.

"बायकूचं नाव?"

सांगायचं नव्हतं हो त्याला! दात आवळले. पण फिरता फिरता तोंडातनं निसटलंच, "ठकू!" घम्म! तिसरा गोळा आला, तो बाईनं तिथंच तोंडात टाकला. मचमच खाल्ला.

"आता पोराचं सांग."

"न्हाई!"

"सांग म्हणते!"

"अगं बये, ठिवलंच न्हाई! बारसं व्हायचंय!"

बाई थबकली. "ठिवलं न्हाई म्हंजे?"

"म्हंजे न्हाईच!"

तिनं सगळा जीव लावून दोरी ओढली. आत धरायला काहीच नाही! दोरी सर्रकन सुटली, बाई उताणी, डेरा पालथा! उरलेले दोन गोळे घरंगळत धाकलूच्या पायाशी. धाकलूनं ते चरवीत कोंबले आणि धूम ठोकली. मागनं खिंडभर ओरडणं, "नाव ठिवून आण त्याला! नाव ठिवून आण!"

घरी येऊन चरवीत बघतो तर गोळे नाहीत, नुसतं पाणी. पण गोठ्यातनं म्हैस हंबरली आणि धाकलू "मोरणी!" म्हणून ओरडला. गोदाही आठवली. बायकोचं मात्र गेलं ते गेलंच. सकाळी शेजारणीनं विरजण दिलं, दुसऱ्या दिवशी देवाला लोणी मिळालं, ठकू दूध प्याली. आणि तिला आजतागायत पत्ता नाही! कारण धाकलू जन्मभर तिला "अगं ए" म्हणूनच हाक मारत आला. आपल्यात बायकोचं नाव कोण घेतंय? फक्त लग्नकार्यात नाव घ्यायची वेळ आली, की धाकलू मांडवामागनं पळालेला असतो.

म्हणून सांगतो, रातचं दूध घेऊन त्या खिंडीनं जाऊ नका. कुणी दोरी धरा म्हणालं, तर हात काखेत घाला आणि पळा.

काय रे बाळकू, परवा उशिरानं आलास म्हणं चरवी घेऊन? कुठल्या वाटेनं? सांगू नकोस, राहू दे. बायकोचं नाव घे बघू. सगळ्यांसमोर. घे की!

...बघा. गप बसला.